सरवा

जुलै २०२०मधल्या एका सकाळी मी एका बाईचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मिस्ट्री सॉल्व्ड', आणि एक हसरी इमोजी. फोटोत पहाटेचा अंधुक उजेड होता, बरबटीचा मांडव होता आणि पदरात शेंगा धरलेली एक पाठमोरी बाई होती. भाजी लावण्याबद्दल काही लिहायला बसलो की मला आधी तो फोटो आठवतो. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमचं घर भंडाऱ्यात, वैनगंगेपासून फार लांब नसलेल्या एका लेआउटमध्ये आहे. आमच्याकडे वसाहतीला लेआउटच म्हणतात. घराशेजारी एक प्लॉट वर्षानुवर्षं रिकामा पडलेला होता. मालक बाहेरगावी. प्लॉटवर गाजरगवत, बेशरमाची झाडं, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पावसाळ्यात साप. जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, म्हणजे २१ मार्चला, मी पुण्याहून घरी आलो तेव्हा नोकरीला दोन वर्षं झाली होती. आठवड्यासाठी आलो होतो, तो पुढे दीड वर्ष राहिलो.

एप्रिलमध्ये बाबांनी एक दिवस कुदळ घेतली आणि कंपाउंडच्या मोडक्या तारेतून त्या प्लॉटमध्ये शिरले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. शिरताना कुणाला विचारलं नाही. मग समोरचे काका आले, मागच्या घरातल्या काकू आल्या, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आली. दहा दिवसांत सात घरं कामाला लागली होती. मास्क लावून, अंतर ठेवून, संध्याकाळी पाच ते सात. आमच्या बोअरवेलला पाइप लावला. गावाकडून दुधाची गाडी यायची, तिच्यातून शेणखताची पोती आली. भेंडी, पालक, सांभार, दोडके, ढेमसं आणि एका बाजूला बरबटी. बरबटी म्हणजे पुण्या-मुंबईकडची चवळीची शेंग, पण हातभर लांब.

मे महिन्यात भंडाऱ्याचं ऊन ४५ अंशांच्या घरात जातं. त्या उन्हात आम्ही रोपांवर जुन्या साड्या बांधल्या. जूनमध्ये पहिली भेंडी निघाली तेव्हा सात घरांत वाटली, प्रत्येकी अकरा. मी मोजून वाटली होती. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

मोजायची सवय मात्र तिथूनच लागली. कुणी रोज येत होतं, कुणी फक्त तोडणीच्या दिवशी उगवत होतं. कुरबुरी सुरू झाल्या. मी इंजिनिअर. कुरबुर दिसली की मला ती डेटा नसल्याची समस्या वाटते. मी एक गूगल शीट बनवली. घर, कामाचे तास, नेलेली भाजी किलोत. तासांच्या प्रमाणात वाटा. लिंक ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी अंगठे दाखवले. पंधरा दिवस कुरबूर खरंच थांबली.

मग बरबटीचा हिशोब जुळेना. संध्याकाळी मांडवावर दिसणाऱ्या शेंगा सकाळी कमी असायच्या. ग्रुपवर चर्चा रंगली. माकडं, पोरं, अमुकच्या घरची माणसं. मी जुना फोन गॅलरीच्या कठड्याला बांधला आणि दर मिनिटाला एक फोटो निघेल असं ॲप त्यात टाकलं. तिसऱ्याच दिवशी, पाच वाजून चाळीस मिनिटांनी, ती बाई सापडली.

आमच्या लेआउटमधल्या चार घरी ती धुणीभांडी करायची. आमच्याही. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. मार्चअखेर चारही घरांनी तिला 'सध्या येऊ नका' म्हटलं होतं. आम्ही एप्रिलचे पूर्ण पैसे दिले, मेचे अर्धे. जूनचे दिले नाहीत. कुणी ठरवून असं केलं नव्हतं. विषय निघेनासा झाला, इतकंच.

फोटो टाकल्यावर ग्रुपवर हशा झाला. एका घराने तिला ऑगस्टपासून परत बोलवायचं ठरवलं होतं. त्यांनी लिहिलं, 'बरं झालं कळलं.' मावशी त्या ग्रुपमध्ये नव्हत्या. पण लेआउटमधली बातमी पोचायला ग्रुप लागत नाही. चौथ्या दिवशी त्या आमच्या फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. आईच्या हातात साठ रुपये ठेवले आणि म्हणाल्या, "बरबटीचे हायेत. दीडेक किलो झाली असन. दादाले सांगजा, लिवून घे म्हणा."

आई काही बोलायच्या आत त्या गेल्या. मी वर खोलीत होतो, कॉलवर. खिडकीतून सगळं दिसत होतं, तरी मी कॉल म्यूट केला नाही.

त्या नोटा बरेच दिवस फ्रिजवर पडून होत्या. इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या पाळणाघरांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना घ्यायला पालक उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. पूर्वी उशीर झाला की ताईंसमोर ओशाळं वाटायचं. आता पैसे भरले की काम झालं. दंड काढून टाकल्यावरही उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही. ओशाळेपणाच्या जागी एकदा दर आला की जुनी गोष्ट सहजी परत येत नाही. आमच्याकडे हे उलट बाजूने घडलं. मावशींनी स्वतःच दर लावला, पैसे भरले आणि आमच्याशी असलेलं सगळं नातं चुकतं केलं. आम्हाला माफी मागायला किंवा द्यायला काही शिल्लक ठेवलं नाही.

आता प्रश्न. मावशींनी चोरी केली का?

माझं त्या वेळचं उत्तर तयार होतं. जमीन आम्ही साफ केली, पाणी आम्ही घातलं, घाम आमचा. म्हणून शेंगा आमच्या. हा युक्तिवाद माझा नाही, फार जुना आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६८९मध्ये तो मांडला. निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले कष्ट मिसळतो, म्हणून ती त्याची होते. खासगी मालमत्तेचं समर्थन करणारे आजही तिथूनच सुरू करतात. पण लॉकने त्याला दोन अटी जोडल्या होत्या, त्या कमी लोकांना आठवतात. एक, दुसऱ्यांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. दोन, जे घेतलं ते वाया जाता कामा नये.

या अटींवर आमची वाडी तपासली तर काय दिसतं? जमीन आमची नव्हतीच. दुसऱ्याच्या प्लॉटमध्ये आम्ही न विचारता शिरलो होतो. मावशी दुसऱ्याच्या मांडवात न विचारता शिरल्या. दोघांत फरक इतकाच की आमच्याकडे शीट होती. जुलैत भेंडी इतकी यायची की दोन दिवस तोडली नाही तर जून व्हायची आणि आम्ही ती खड्ड्यात टाकायचो. मी शीटमध्ये 'वाया' असा रकाना ठेवला नव्हता. आणि 'दुसऱ्यांसाठी पुरेसं' म्हणाल तर त्या उन्हाळ्यात मावशींसाठी काय उरलं होतं, हे आमच्या चार घरांइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं.

नंतर बरेच दिवस मी एक वेगळाच शोध घेत होतो. मावशींनी वाडीसाठी काही केलं होतं का? एखादं बी दिलं होतं? कधी जाता जाता पाणी घातलं होतं? तसं काही सापडलं असतं तर त्यांचा हक्क सिद्ध झाला असता आणि मी शीट दुरुस्त केली असती. सापडलं नाही. त्यांनी वाडीसाठी काहीही केलेलं नव्हतं. हे मान्य करायला मला वेळ लागला, कारण त्याबरोबर आणखी एक गोष्ट मान्य करावी लागत होती: ज्याने काही केलं नाही त्याचंही काही असू शकतं. माझ्या शीटमध्ये ही शक्यता बसत नव्हती. आमच्या कामात अशा प्रसंगाला 'एज केस' म्हणतात. क्वचित येतो, नंतर बघू. इथे एज केस म्हणजे एक माणूस होता.

तुम्ही म्हणाल, मग नियमच नकोत का? कुणीही यावं, काहीही न्यावं? ही शंका खोटी नाही. गॅरेट हार्डिन यांनी १९६८मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या लेखात हीच भीती मांडली होती. सामाईक कुरणात प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपतं. एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी याला उत्तर दिलं ते जगभरातली कुरणं, जंगलं, पाटबंधारे प्रत्यक्ष तपासून. १९९०मध्ये त्यांचं पुस्तक आलं, २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की सामाईक गोष्टी लोक शतकानुशतकं नीट सांभाळतात, नियम करूनच सांभाळतात. पण त्या नियमांचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना ते बदलण्यात वाव असतो. आणि नियम मोडणाऱ्याला पहिल्याच वेळी मोठी शिक्षा होत नाही; आधी नुसतं बोललं जातं.

आमच्या भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे याचं हाताशी असलेलं उदाहरण. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं, पाण्याच्या पाळ्या लावणं हे गाव बघायचं. ते काही समतेचे स्वर्ग नव्हते. वर मालगुजार बसलेला असायचा. पण १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि सांभाळणारे हात हळूहळू बाजूला झाले. पुष्कळ तलाव गाळाने भरले.

म्हणजे नियम हवेत. माझी चूक नियम करण्यात नव्हती. ज्यांच्यावर तो चालणार होता त्यांतली एक व्यक्ती ग्रुपमध्येच नव्हती. आणि 'आधी नुसतं बोलणं' ही पायरी गाळून मी थेट फोटो टाकला.

पण एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. पुरेसं उत्तर आईकडून आलं, तेही उत्तर म्हणून नव्हे.

नोटा फ्रिजवर होत्या त्या दिवसांतलीच गोष्ट. रात्री जेवताना आई एकदम म्हणाली, "आम्ही सरवा वेचत होतो, तेव्हा कोणी आमचा फोटो काढला असता तं?"

सरवा हा शब्द मी ऐकला होता, अर्थ माहीत नव्हता. आईचं माहेर साकोलीकडचं. सगळा धानाचा मुलूख. धान कापून झालं, भारे उचलले, पुंजणे लागले की रिकाम्या बांधीत लोंब्या पडलेल्या असतात. कापताना निसटलेल्या, बांधताना गळलेल्या. त्या वेचणं म्हणजे सरवा वेचणं. आजोबांकडे जमीन जेमतेम होती. आई आणि तिच्या बहिणी टोपल्या घेऊन दुसऱ्यांच्या बांधीत जायच्या. उंदरांच्या बिळांतलंही धान उकरायच्या. थोडं धान दुकानात देऊन मुरमुरे घ्यायच्या, बाकीचं घरी. माझ्या आईने लहानपणी दुसऱ्याच्या शेतात पडलेलं धान वेचून आणलं होतं, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

मी विचारलं, मालक काही म्हणायचा नाही?

"काय म्हणन? त्याचे भारे उचलल्याबिगर आम्ही जात नव्हतो. आणि उचलल्यावर तो मागं पाहत नव्हता."

या दोन वाक्यांत एक पूर्ण करार आहे. वेचणाऱ्यांनी भारे उचलले जाईपर्यंत थांबायचं. मालकाने उचलून झाल्यावर मागे बघायचं नाही. लिहिलेलं कुठेच नाही, पण दोन्ही बाजूंना पक्कं माहीत.

नंतर शोधलं तर कळलं की हा करार जगभर आहे. ज्यू धर्मशास्त्रात शेताचे कोपरे न कापता ठेवायचे असतात आणि विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचं नसतं. ती गरिबाची, परक्याची, विधवेची. इंग्लंडमध्येही सुगीनंतर गरीब बायका-मुलं शेतात लोंब्या वेचत. १७८८मध्ये तिथल्या न्यायालयात स्टील विरुद्ध हाउटन हा खटला निकाली निघाला. सफक परगण्यातल्या टिमवर्थ गावी मेरी हाउटन नावाची बाई जमीनमालक स्टीलच्या शेतात सरवा वेचत होती. न्यायाधीशांनी बहुमताने ठरवलं की असा वेचण्याचा हक्क देशाच्या कायद्यात नाही. आदल्या वर्षीपर्यंत जो रिवाज होता, तो एका निकालाने अतिक्रमण ठरला. तरी कितीतरी गावांत निकालानंतरही सरवा चालूच राहिला. हे वाचताना मेरी हाउटन मला पाठमोरीच दिसत होती.

इथे एक सावधगिरी. गरिबाला वाटा देणारा प्रत्येक जुना रिवाज चांगला असतो असं नाही. आपल्याकडे बलुतंही होतं. तोही वाटाच, पण तो जातीला बांधलेला, आणि कितीकांना तो दारात उभं राहून, मान खाली घालून मागावा लागे. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं ते उगीच नाही. बलुत्यात देणारा समोर असतो. तो किती देतो, कसा देतो, देताना काय बोलतो, हे सगळं घेणाऱ्याला सोसावं लागतं.

सरव्यात देणारा समोर नसतो. सरवा कुणी देत नाही. तो सोडलेला असतो. द्यायचं म्हटलं की माणूस बघतो, मोजतो, आभाराची वाट पाहतो, निदान फोटो तरी काढतो. लॉकडाउनमध्ये वाटलेल्या किराण्याच्या पिशव्यांचे किती फोटो आपण पाहिले! सोडायचं असेल तर पाठ फिरवावी लागते. देणं आणि चोरी यांच्या मध्ये ही एक तिसरी जागा आहे. मावशी पहाटे पाच चाळीसला त्याच जागेत उभ्या होत्या असं मला आता वाटतं. आम्हाला न दिसता, गरजेपुरतं, हातांनी. आणि मी कॅमेरा लावून ती जागाच पुसून टाकली.

ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला. वर मध्य प्रदेशात प्रचंड पाऊस, संजय सरोवराचं पाणी सोडलेलं. भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. आमचा प्लॉट दोन दिवस बुडाला. पाणी उतरल्यावर मांडव आडवा आणि सगळीकडे राखाडी चिखल. मावशींची वस्ती आमच्याहून खाली होती. आई आणि मी डाळ-तांदूळ आणि ते साठ रुपये घेऊन गेलो. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, भावाच्या गावी गेल्या. कधी येतील माहीत नाही. परत आल्या असतील तर आमच्या लेआउटमध्ये आल्या नाहीत. या गोष्टीत माफी नाही.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा लावलं. शीट ठेवली, पण फक्त कामाच्या पाळ्यांसाठी. किलोचा रकाना काढला. बरबटीची एक ओळ तारेच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला लावली. पाटी लावली नाही. पहिल्याच हंगामात मोटरसायकलवरून आलेल्या एका माणसाने पिशवीभर शेंगा एका खेपेत नेल्या. ग्रुपवर लगेच, 'बघा, म्हणून म्हणत होतो.' मलाही राग आला. तो माणूस गरजू होता की नाही, मला माहीत नाही. सरव्याची अडचण हीच आहे की ती खात्री करायला गेलं की मागे बघावं लागतं. आम्ही ती ओळ पुढच्या वर्षीही लावली.

२०२३मध्ये प्लॉटचा मालक आला. चांगला माणूस. रागावला नाही, दोडके घेऊन गेला. आता तिथे दुमजली घर आहे. वाडी आमच्या गच्चीवर गेली. आई-बाबा ती बघतात, मी पुण्याहून आलो की मीही. पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याची माती करून गच्चीत भाजी पिकवायचं तंत्र महाराष्ट्रात चांगलं रुजलंय. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी फुलवलेली बाग तर प्रसिद्धच आहे. आमचीही बरी चालली आहे. टमाटर, वांगी, पालक. साप नाहीत, डुकरं नाहीत, एक शेंग हरवत नाही.

हेच मला खटकतं. गच्चीला रस्त्याची बाजू नसते. तिथे पोचायला आधी फाटक, मग घर, मग जिना. मागे न बघण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मागे कुणी येऊच शकत नाही. शहरातली घरं, कॅमेरे, गेटवरचं ॲप या सगळ्यांत मी स्वतः कोड लिहितो त्या वस्तूही येतात, आणि त्या बनवताना आम्ही विचारतो की आत कोण येऊ शकतं. बाहेर काय सोडायचं, हा प्रश्न मी कुठल्याच मीटिंगमध्ये ऐकलेला नाही. मीही कधी विचारलेला नाही.

यंदा जूनमध्ये बाबांनी कंपाउंडच्या भिंतीला बाहेरून दोऱ्या बांधल्या आणि भिंतीच्या आत, बुडाशी, बरबटी टोकली. वेल भिंतीवरून चढून रस्त्याकडे उतरलाय. मागच्या आठवड्यात फोनवर आईला विचारलं, शेंगा लागल्या का?

"लागल्या," ती म्हणाली. "आतल्या आम्ही खाल्ल्या."

बाहेरच्यांचं मी विचारलं नाही.